मुले पळविणारे कोण?

दिवाळीच्या अंकात मरणाची गोष्ट काढू नये, असा संकेत आहे. फराळाचे ताट समोर असावे, अंगणात पोरांची गडबड चालू असावी, आणि हातातल्या अंकाने फार तर डोळ्यांच्या कडा ओलावाव्यात. घास अडकवू नये. संकेत वाईट नाही. पण खुद्द दिवाळीनेच तो पाळलेला नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे ठेवायची आणि घरात कोणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून यमाला हात जोडायचे, ही घरोघरची रीत आहे. लक्ष्मीला पाट मांडण्याच्या आधी आपण यमाची आठवण काढतो. तेव्हा अकाली मेलेल्यांविषयी मी इथे चार पाने लिहिली तर सणाचा भंग होणार नाही, अशी माझी समजूत आहे. आणि झालाच, तर तो होऊ द्यावा, असे माझे म्हणणे आहे.

ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांना आज तृतीयपंथी म्हणतात. घरात आपण त्यांना दुसऱ्या नावाने ओळखतो, आणि ते नाव पुरुषाला झोंबावी अशी शिवी म्हणून वापरतो. एखाद्या समाजाचे नावच शिवी करून ठेवले, की त्यातला माणूस मारला गेला तरी माणूस मेला असे वाटत नाही. पंचनामा होतो, वर्तमानपत्रात दोन ओळी येतात, आणि वाचणारा म्हणतो, "त्यांच्यात्यांच्यात काहीतरी झाले असेल." सुतक कोणाला लागत नाही, कारण सुतक लागायला घर लागते.

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये रीटा हेस्टर नावाच्या एका ट्रान्सजेंडर स्त्रीचा तिच्या राहत्या घरी खून झाला. पुढच्या वर्षी ग्वेंडोलिन ॲन स्मिथ हिने अशा बळींची नावे मोठ्याने वाचण्याचा प्रघात सुरू केला. तेव्हापासून २० नोव्हेंबर हा दिवस देशोदेशी स्मरणाचा म्हणून पाळतात. मेणबत्त्या लावतात आणि एकेक नाव उच्चारतात. हे ऐकून आपल्याकडचे शहाणे लगेच म्हणतील, "ही तिकडची थेरं इथे कशाला?"

थेरं तिकडची खरी. पण मेलेल्यांना विसरू नये हे आपल्याला तिकडून शिकायला नको होते. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांसाठी राखलेली आहे. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. आणि तर्पण करताना, ज्यांना ना आई, ना बाप, ना कोणी आप्त, त्यांच्यासाठीही एक ओंजळ पाणी सोडायला शास्त्राने सांगितले आहे. इतका उदार हिशेब दुसऱ्या कोणी मांडला असेल असे मला वाटत नाही. शास्त्राने अनोळखी निराधारासाठी ओंजळ ठेवली. आपण आपल्याच पोटच्या पोरासाठी ती ठेवीत नाही!

मी मुळशीचा. आमच्या खोऱ्याला आठवण ठेवण्याची सवय आहे. टाटांच्या धरणात बावन्न गावे जाणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे इथला शेतकरी उभा राहिला. सत्याग्रह हरला, धरण झाले, आंबेमोहराची खाचरे पाण्याखाली गेली. पण शंभर वर्षे उलटली तरी बुडालेल्या गावांची नावे आमच्याकडे बोलण्यात येतात, नातीगोती त्या गावांवरून सांगतात. कागदावर कोणीतरी एक रेघ ओढतो आणि जिती माणसे त्या रेघेच्या पलीकडे जातात, हे मुळशीकराला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून हा विषय मी इथून काढतो आहे.

आमच्याच खोऱ्यातल्या एका घराची ही गोष्ट. गाव सांगत नाही, आडनाव सांगत नाही. सांगितले तर लोक त्या घराकडे बोट दाखवतील आणि आपापली घरे विसरतील. घरात तीन मुले. धाकटे रांगोळी सुरेख काढायचे, आईच्या पाठोपाठ चुलीशी बसायचे, आणि सप्ताहात गौळणीचे सोंग घ्यायला सगळे गाव त्यालाच पुढे करायचे. सोंग होते तोवर गावाने वाहवा केली. ते सोंग नाही, हे लक्षात आले तेव्हा बापाने त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधून कासऱ्याने मारले. पंधराव्या वर्षी पहाटेच्या दुधाच्या गाडीतून ते पोर पुण्याला गेले. घरच्यांनी आधी "कामाला लावलंय" म्हणून सांगितले, मग काही वर्षांनी "वारलं" म्हणून सांगितले. त्याचे दिवसही घातले.

पुढे हिंजवडीच्या बाजूने जमिनीचे भाव चढत आले. बंगले बांधणारा एक जण खरेदीखताचे कागद घेऊन घरात येऊन बसला. सात-बाऱ्यावर नावे तीन. सह्या तीन पाहिजेत. मग मेलेल्या भावाचा शोध सुरू झाला! चार दिवसांत तो सापडला. तेव्हा ती साडीत होती आणि तिचे नाव निराळे होते. कागदावर तिने जुन्या नावाने सही केली. पैसे किती मिळाले ते विचारले नाही. आईला एकदा भेटू द्या, एवढेच म्हणाली. भावांनी "बघू" म्हटले. माणूस सहीपुरता जिवंत झाला आणि सही होताच पुन्हा मेला.

दोन वर्षांनी रात्री रस्त्यात काही तरण्यांनी तिला मारले. तक्रार द्यायला ती गेली नाही, कारण चौकीवर आधी आपलीच चौकशी होईल असे तिला वाटले. सहाव्या दिवशी ती गेली. सोबतिणींनी घरी निरोप पाठविला. उत्तर आले, "आमचा भाऊ मागंच वारला." तिला खांदा दिला तो तिच्या चेल्यांनी. मृत्यूच्या दाखल्यावर नाव पडले ते जुने. तिने स्वतः घेतलेले नाव आज या जगात कोठेही लिहिलेले नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या लोकांवर आपला सगळ्यात मोठा आरोप कोणता? ते मुले पळवतात, हा. पोर फार दंगा करू लागले की "त्यांच्या हवाली करीन" असा धाक आयाबाया सहज घालतात. हा आरोप आला कोठून, ते पाहण्यासारखे आहे.

मराठी राज्यात काही हिजड्यांना गावोगाव हक्काने भिक्षा मागण्याच्या, क्वचित थोड्या जमिनीच्याही, सनदा होत्या. त्यांचे जिणे सुखाचे होते असे मी म्हणत नाही. पण राज्याच्या वहीत त्यांना जागा होती. कंपनी सरकारने हे हक्क पुढच्या वारसाकडे जाऊ देणे थांबविले. मग १८५२ साली उत्तरेकडे मैनपुरी येथे भूरा नावाच्या एका हिजड्याचा खून झाला. तिच्याबरोबर राहिलेल्या पुरुषाला न्यायालयाने दोषी धरले. एवढ्यावर न्याय संपायला हवा होता. पण गोऱ्या न्यायाधीशांना खुनापेक्षा खून झालेली व्यक्तीच अधिक खटकली. असले लोक आपल्या राज्यात आहेत हाच राज्याला कलंक, अशी त्यांची भाषा होती. मेली भूरा, आणि आरोपी ठरला तिचा समाज! हे चमत्कारिक तर्कशास्त्र तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

त्याला कायद्याचे रूप आले १८७१ साली. गुन्हेगार जमातींचा कायदा आपण जाणतो तो पारधी, कैकाडी यांच्या हालांमुळे. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. मुले पळविल्याचा किंवा त्यांचे अंग तोडल्याचा नुसता संशय असला तरी नाव नोंदवहीत घालायचे. नोंदलेल्याने बायकांची वस्त्रे घालून रस्त्यावर दिसायचे नाही, नाचायचे नाही, वाजवायचे नाही. तसे केले तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्याने मुलाला जवळ ठेवायचे नाही, दत्तक घ्यायचे नाही, मृत्युपत्र करायचे नाही. थोडक्यात, त्याने कमवू नये, कोणाला सांभाळू नये, आणि मागे काही ठेवू नये. विस्मृतीची एवढी पक्की व्यवस्था मारेकऱ्यालाही जमली नसती.

इंग्रज गेले, पण ही नोंदवही गेली नाही. निजामाच्या राज्यात, ज्यात आपला मराठवाडाही होता, १९१९ साली तसाच कायदा झाला होता. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला तो २०२३ साली. कर्नाटकाने २०११ साली आपल्या पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घालून, मुले पळविण्याच्या संशयावरून नोंदवही ठेवण्याचा तोच डाव मांडला. बेळगाव-निपाणीची मराठी माणसेही त्याच कायद्याखाली होती. न्यायालयात दाद मागितल्यानंतर त्यातून या समाजाचे नाव वगळावे लागले.

आणि कागदावरचा हा संशय रस्त्यावर आला की काय होते? २०१८ च्या मे महिन्यात हैदराबादेत चांद्रायणगुट्टा भागात भिक्षा मागायला आलेल्या तृतीयपंथीयांवर जमाव तुटून पडला. मोबाइलवर अफवा फिरत होती, मुले पळविणारी टोळी आली आहे. एक जण जागीच गेली. पाच आठवड्यांनी, १ जुलैला, आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठेचून मारले. अफवा तीच. १८७१ च्या एकाच कायद्याने ज्या दोन प्रकारच्या माणसांना जन्मजात संशयित ठरविले, एक भटके आणि दुसरे हिजडे, त्याच दोघांना एकशे सत्तेचाळीस वर्षांनी एकाच अफवेने गाठले. याला योगायोग म्हणायचे असेल त्याने खुशाल म्हणावे.

इथे प्रतिपक्षी उठून म्हणेल, "लेखकमहाशय, चांदणी चौकात सिग्नलला गाडी थांबवून पाहा. वास्तुशांतीला हजारो रुपये मागणारे कोण, तेही सांगा. आणि २०२१ साली मुंबईत पैसे दिले नाहीत म्हणून तीन महिन्यांची मुलगी मारली, ती कोणी?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळणाऱ्याने या विषयावर लिहू नये. त्या तान्ह्या मुलीचा खून अमानुष होता. सत्र न्यायालयाने २०२४ साली आरोपीला दोषी ठरविले, ते योग्यच झाले. जबरदस्तीने पैसे उकळणे हाही गुन्हा आहे. करील त्याला धरावे. पण रोज कोठेतरी पुरुषाच्या हातून खून होतो, म्हणून आपण पुरुषांची नोंदवही घालतो काय? नागपुरात २०२३ साली आणि पुण्यात २०२४ साली पोलिसांनी कलम १४४ खाली बंदीहुकूम काढले, ते खंडणी मागणाऱ्यांच्या नावाने नव्हे, तृतीयपंथीयांच्या नावाने. गुन्ह्याला समाजाचे नाव दिले की पुढच्या जमावाला कायद्याची साथ असल्यासारखे वाटते.

आणि ते सिग्नलला का उभे असतात, हे कधी विचारले आहे? पंधराव्या वर्षी गोठ्यातून पळालेल्या पोराला शाळेचा दाखला कोण देणार? खोली कोण देणार? त्यांच्या हातून मिळालेला रुपया बरकतीचा म्हणून गल्ल्यात जपून ठेवणारा व्यापारी त्यांना आपल्या चाळीत भाड्याने राहू देत नाही. बारशाला त्यांचा आशीर्वाद हवा, शेजार नको.

म्हणून मी म्हणतो, मुले पळविणारे हे नव्हेत. मुले आपण टाकतो; हे ती उचलतात. पळवून नेलेल्या मुलाच्या मागे आईबाप ऊर फुटेस्तोवर धावतात. या मुलांच्या मागे कोणी धावत नाही; उलट दार लावून कडी घालतात. मुलगी म्हणून जन्मलेल्या पण स्वतःला पुरुष मानणाऱ्यांची कथा याहून अंधारातली. त्यांना घराबाहेर काढत नाहीत, लग्न लावून कोंडतात. मुंबईत गौरी सावंत यांनी देहविक्रय करणाऱ्या एका मृत स्त्रीची मुलगी आपली म्हणून वाढविली. १८७१ च्या नोंदवहीत नाव असते, तर त्यांना तिचे पालक होताच आले नसते. बेवारस मुलीला जवळ घेणारी ती, आणि चांगली खातीपिती घरे आपले मूल रस्त्यावर सोडणारी. यांत टोळी कोणती, ते वाचकांनीच ठरवावे.

कायदा सुधारला, हे मी नाकारीत नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आपण कोण हे माणसाने स्वतः सांगावे, असा निवाडा दिला. त्या आधी २०११ च्या जनगणनेत प्रथमच वेगळा रकाना आला आणि देशात ४,८७,८०३, महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे त्यात मोजली गेली. पण याच सुधारलेल्या देशाने २०१९ साली त्यांच्यासाठी कायदा केला, तेव्हा त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवरील बलात्काराला त्या वेळी किमान दहा वर्षे होती. शरीर तेच, वेदना तीच, पण कायद्याच्या तराजूत वजन निराळे! शेजारच्या पाकिस्तानात पेशावरला २०१६ साली अलिशा नावाच्या कार्यकर्तीला गोळ्या घातल्या. तिला पुरुषांच्या कक्षात ठेवायचे की बायकांच्या, यात इस्पितळात वेळ गेला, असे तिच्या सोबतिणींनी सांगितले. ती वाचली नाही. हसू नका, आपल्या तालुक्याच्या गावी आज रात्री अशी एखादी जखमी आली, तर खाट कोणत्या दालनात टाकायची, हे ठरलेले आहे काय?

संस्कृतीचा हवाला देणाऱ्यांना मी महाभारत उघडायला सांगेन. विराटाने बृहन्नडेला आपल्या मुलीची गुरू केले. आपण तिला शिकवणीला ठेवू काय? शिखंडी हा शब्द तर राजकारणातल्या भाषणांतून रोज शिवीसारखा फेकला जातो. पण त्याचा शेवट कितीजणांना ठाऊक आहे? युद्ध संपल्यावर रात्री छावणीत शिरून अश्वत्थाम्याने त्याला कापून काढले. अभिमन्यूसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या रडलो. शिखंडीसाठी कोणाच्या डोळ्यांत टिपूस आले नाही. विसरण्याची आपली ही परंपरा इतकी जुनी आहे.

मग करायचे काय? मोर्चा काढा, असे मी सणासुदीला सांगत नाही. चार गोष्टी सांगतो, चारही घरबसल्या होण्यासारख्या. हे नाव आणि "बांगड्या भरा" ही म्हण शिवी म्हणून तोंडातून काढू नका. ती मोबाइलवरची अफवा पुढे पाठवू नका. तुमच्या बोटाने कोणाचा जीव जाऊ शकतो. अशा कोणाचे निधन झाले, तर तिने स्वतः घेतलेल्या नावाने तिचा उल्लेख करा, दाखल्यावर आणि बोलण्यातही. माणसाने आयुष्यभर ज्या नावासाठी मार खाल्ला, ते निदान मेल्यावर त्याच्याकडून काढून घेऊ नये. आणि येत्या २० नोव्हेंबरला, दिवाळीचे उरलेले तेल असेलच, एक पणती त्यांच्यासाठी लावा. परकीय प्रथा वाटत असेल तर शस्त्रहतांच्या चतुर्दशीला लावा. तिथीबद्दल माझे भांडण नाही.

पाचवी गोष्ट मात्र आजची आहे. वाचकहो, हा अंक ज्या घरांत जाईल त्यांतल्या एखाद्या घरात, चकलीच्या डब्याभोवती बसलेल्या भावंडांत, असे एक मूल असेल. ते काही बोलणार नाही. या लेखावर मोठी माणसे काय म्हणतात, ते मान खाली घालून ऐकत बसेल. कोणी काका टाळी वाजवून नक्कल करील, सगळे हसतील, आणि ते मूलही हसेल. पहाटेची दुधाची गाडी कधी येते, याचा विचार त्याच्या मनात त्याच वेळी सुरू होतो. तेव्हा त्या काकांना गप्प करा. पाहुणे असले तरी करा. आणि त्या मुलाला ऐकू जाईल अशा बेताने, कोणाकडेही न पाहता, घरातल्या कर्त्या माणसाने एवढे म्हणावे की या घरातून कोणाला जावे लागणार नाही.